विलीजच्या पोटात बोलेरो

वर्ध्यात इंजिन बदलण्याचा माझा सर्वात आवडता किस्सा डिझेलचा नाही, बैलांचा आहे. जमनालाल बजाज यांच्या एका फोर्ड गाडीला इंजिनाऐवजी बैल जुंपले होते आणि गांधीजी थट्टेनं तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, असं सांगतात. वर्धा-सेवाग्राम वाट तेव्हा धड नव्हती आणि पावसाळ्यात काळ्या चिकण मातीत चाक रुतलं की फोर्डपेक्षा बैल भरवशाचे. गाडीचा सांगाडा चांगला आहे, फक्त ओढणारा बदला, हा त्यामागचा हिशेब. विदर्भातल्या जुन्या जीप आणि पिकअप आजवर टिकल्या त्या याच हिशेबावर.

या गाड्यांचं मूळ अमेरिकेतल्या विलीज कंपनीत. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीनं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतल्या. १९६५च्या सुमारास एफसी-१५० नावाची पिकअपही आली. चपट्या नाकाची, मागे हौदा, आणि इंजिन थेट केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मधल्या पेटीत. आत चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, २,१९९ सीसीचं. युद्धकाळातल्या जीपमध्ये याच इंजिनाच्या आधीच्या रूपानं ६० अश्वशक्ती दिली होती. इंजिन कणखर, दुरुस्तीला सोपं, पण पेट्रोलवर तुटून पडणारं. १९७३च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलचे भाव असे चढले, की सरकी-कापसाचे बोजे हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावच्या बाजारात पोचवून हाती काही उरायचं असेल तर डिझेलला पर्याय राहिला नाही.

आजच्या हौशी मंडळींना वाटतं की मूळ पेट्रोल इंजिन काढणं म्हणजे गाडीचा अपमान. पण हे काम गल्लीतल्या मिस्त्रीच्या आधी खुद्द कंपनीनंच केलं. इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी करून १९६३ साली महिंद्रांनी ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिथला बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या शेतकऱ्यांना नावानिशी आठवेल. त्याच ट्रॅक्टरचं सुमारे २,३५० सीसीचं डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये बसलं, आणि एफसी-२६० पिकअपही डिझेलवर आली. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आलं. नावातच त्याची मापं आहेत: चार सिलेंडर, ९० मिलिमीटर बोअर. एकूण २,११२ सीसी. वरचं पत्र्याचं अंग मात्र बरंचसं विलीजचंच राहिलं.

गल्लीतल्या मिस्त्रीचं लाडकं इंजिन वेगळं होतं. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली उभी केलेली बजाज टेम्पो ही कंपनी मॅटाडोर बनवायची, आणि तिला मर्सिडीजच्या परवान्याचं ओएम-६१६ मिळालं: २.४ लिटर, पूर्णपणे यांत्रिक, वायर जवळजवळ नाहीच. अँबेसिडर, जुन्या अमेरिकन लिमोझिन, जीप, जे समोर येईल त्यात हे इंजिन घातलं गेलं. वर्ध्याच्या जमनालालजींचं आडनाव अशा रीतीनं, वेगळ्याच वाटेनं, पुन्हा एकदा इंजिन-बदलाच्या गोष्टीत आलं.

आता मॅटाडोरचं चांगलं इंजिन शोधूनही मिळणं कठीण. म्हणून नजर जाते बोलेरो पिकअपच्या २,५२३ सीसी इंजिनाकडे. जुन्या विलीजची ओढ सुमारे १४२ न्यूटन-मीटर. या इंजिनाच्या कॉमन रेल अवताराची २००च्या आसपास, आणि तीही कमी फेऱ्यांवरच. ओल्या शेतातून भरलेला हौदा बाहेर काढायला याहून जास्त काय हवं?

खरं काम सुरू होतं ते इंजिन गाडीसमोर टांगल्यावर. ते बसेल का, हा प्रश्न सोपा आहे. चेन-पुली लावून कुठलंही इंजिन कुठेही बसवता येतं. अवघड आहे ते त्याच्या मागचं सगळं जुळवणं. जुना टी-९० गिअरबॉक्स ठेवायचा तर नवं इंजिन आणि जुनं बेल हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी जाड प्लेट लेथवर काढावी लागते. तिच्या भोकांचं केंद्र क्रँकच्या केंद्राशी तंतोतंत हवं. चांगला मिस्त्री डायल गेज लावून पाच थाऊच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांच्या, आत आणतो. अंदाजावर सोडलं तर क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग पहिल्याच हंगामात बोलायला लागतं. शिवाय तीन गिअरचा तो बॉक्स एवढ्या ओढीसाठी घडलेलाच नाही. म्हणून शहाणे लोक बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्सही इंजिनाबरोबर घेतात, आणि मग प्रॉपेलर शाफ्ट कापून, पुन्हा जोडून, बॅलन्स करून घेतात.

तेवढ्यानं संपत नाही. विलीजच्या पुढच्या डिफरन्शियलचं हाउसिंग मधोमध नसून उजवीकडे सरकलेलं, आणि आपल्याकडे स्टिअरिंगही उजवीकडेच. त्या दाटीत चेंबर, सायलेन्सरचा पाइप आणि सेल्फ यांना जागा शोधायची. सुरुवातीच्या विलीजला ६ व्होल्टची वायरिंग होती, ती मुळापासून १२ व्होल्टची करावी लागते. आणि एक गंमत: जुन्या जीपचा वायपर पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर, व्हॅक्यूमवर चालायचा. डिझेल इंजिनाला ती ओढ नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप किंवा विजेचा वायपर लावला नाही, तर जुलैच्या पावसात काच हातानं पुसत जावं लागतं.

कॉमन रेल इंजिन आणलं की त्याचा संगणक, पेडलचा सेन्सर, क्रँकचा सेन्सर आणि किल्लीचं कुलूप हे सगळं बिऱ्हाड बरोबर येतं. एक वायर चुकली तर मेकॅनिककडे लॅपटॉप हवा. सेलू किंवा समुद्रपूरच्या गॅरेजात रोज चालवायच्या गाडीला मी तरी यांत्रिक पंपाचं जुनं डीआय इंजिनच सुचवेन. नोझल आणि पंप समजणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो.

उन्हाळा ही वर्ध्याची स्वतःची परीक्षा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. विलीजच्या अरुंद जाळीमागे बसेल तेवढा रेडिएटर पुरत नाही. जाड कोअरचा नवा बनवून घ्यावा लागतो, पंख्याभोवती पत्र्याचं कवच लावावं लागतं. एफसीसारख्या गाडीत तर इंजिन मांडीशेजारीच असतं. तिथे उष्णतारोधक अस्तर घातलं नाही तर दुपारी सेवाग्रामपासून बुटीबोरीपर्यंत जाणंही शिक्षा वाटेल.

गिअरचं गणितही आहेच. जुन्या जीपचं क्राऊन-पिनियन ५.३८ चं. १६ इंची चाकावर ताशी ८० किलोमीटरला इंजिन ३,२०० फेऱ्यांपर्यंत पोचतं, म्हणजे डिझेल किंचाळतं. पाचव्या गिअरमुळे थोडी सुटका होते. पण समृद्धी महामार्गावर न्यायची भाषा करणाऱ्याला मी आधी ब्रेक विचारतो. चार ड्रम आणि एकच सर्किट असलेला मास्टर सिलेंडर ठेवून ताकद वाढवणं हा वेडेपणा आहे. पुढचे पाटे, ब्रेक आणि स्टिअरिंग यांचा खर्च आधी, इंजिनाचा नंतर.

मग कायदा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलाला परवानगी मागतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हटलं. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणी शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे १९७० ची पिकअप मूळ पेट्रोलवर धूळ खात उभी असेल तर वारसा, आणि बोलेरोच्या इंजिनावर शेतात राबत असेल तर नाही. ज्या गाडीच्या कंपनीनंच पेट्रोल सोडून ट्रॅक्टरचं इंजिन घातलं, तिला हा निकष लावणं मला पटत नाही. पण माझ्या पटण्यावर पासिंग होत नाही.

म्हणून करायचंच असेल तर एमएच-३२ च्या परिवहन कार्यालयात आधी विचारावं, आणि नकार आला तर तो मानावा. परवानगी मिळाली तर इंजिनाचा नंबर आणि इंधनाचा प्रकार दोन्ही आरसीवर बदलून घ्यावेत, विमा कंपनीला लेखी कळवावं. इंजिनाचं फौंडेशन चेसिसवर वेल्डिंग न करता बोल्टनं बसवावं. आणि जुनं इंजिन किलोच्या भावानं भंगारात देऊ नये. ग्रीस लावून, ताडपत्रीखाली ठेवावं. व्हीए नंबर कधी हवासा वाटलाच, तर परत बसवायला तेच लागेल.