घरासाठी पहिले वेल्डिंग यंत्र कोणते घ्यावे?

फाटकाचे बिजागर निखळले किंवा सायकलचे कॅरिअर तुटले, की आपण फॅब्रिकेशनवाल्याकडे धाव घेतो. आता चार-पाच किलो वजनाची वेल्डिंग यंत्रे मिळू लागल्यामुळे हे काम घरीच का करू नये, असे पुष्कळांना वाटते. जरूर करावे. परंतु दुकानात यंत्रांवर १६०, २००, २५० असे अँपिअरचे आकडे दिसतात, आणि मोठा आकडा म्हणजे चांगले यंत्र असे समजून माणूस पैसे मोजतो. हा समज कितपत खरा आहे, ते तुम्हांला शाळेत शिकलेल्या विद्युत्‌शास्त्रावरूनच ठरवता येईल.

आपण उलट्या बाजूने सुरुवात करू. यंत्र राहू द्या; जोडायचे काय ते आधी पाहा. घरातले काम बहुधा तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे किंवा अँगलचे असते. त्याला २.५ मिमी व्यासाचा रॉड पुरतो आणि त्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर प्रवाह लागतो. आपण ८० धरू. रॉडचे टोक आणि लोखंड यांच्यामधील बारीकशा फटीत जी प्रज्योत पेटते, तिच्यातील विद्युत् दाब या प्रवाहाला सुमारे २३ व्होल्ट असतो. म्हणजे शक्ती झाली २३ × ८० = १,८४० वॉट. यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर भिंतीतील तारांतून २,३०० वॉट घ्यावे लागतील. त्याला २३० व्होल्टने भागून १० अँपिअर, असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. पण थांबा. साधे इन्व्हर्टर यंत्र प्रवाह सलग घेत नाही. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात दाब शिखराजवळ आला म्हणजे गचके देत घेते. त्याचा शक्तिगुणक ०.७ च्या आसपास असतो. तेव्हा १० ला ०.७ ने भागावे लागते, आणि प्रवाह १४ अँपिअरच्या वर जातो.

आपल्या घरातील मोठ्या तीन पिनांच्या प्लगची मर्यादा १६ अँपिअर आहे. जेमतेम बसले! आता हेच गणित १६० अँपिअरसाठी, दाब २६ व्होल्ट धरून करा. उत्तर ३२ अँपिअर येते. एमसीबी असेल तर ती खटका पाडील. पण जुन्या घरात फ्यूजला जाड तार गुंडाळून ठेवलेली असली, तर भिंतीतील तार तापेल. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ ऐवजी ३२ अँपिअर म्हणजे चौपट उष्णता, आणि तीही गिलाव्याच्या आत, कोणाला न दिसता.

मग मोठा आकडा अगदीच व्यर्थ का? तसेही नाही. यंत्राच्या पाटीवर ‘१६० अँपिअर, ४० टक्के’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, १६० अँपिअरवर दहा मिनिटांतली चारच मिनिटे काम करावे, उरलेली सहा मिनिटे ते निवू द्यावे. तेच यंत्र ८० अँपिअरवर चालवले, तर आतील तारांची उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते आणि ते जवळजवळ अखंड चालते. म्हणून घरासाठी १६० चे यंत्र घेऊन ते ८० वर वापरणे शहाणपणाचे. पाटीवर टक्केवारीच नसेल, तर यंत्र परत ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही यंत्रे इतकी हलकी कशी? जुन्या यंत्रातील रोहित्र सेकंदाला ५० आवर्तनांवर चालते. इन्व्हर्टर ही कंप्रता काही दहा हजारांवर नेतो. चुंबकी क्षेत्र जितक्या जलद बदलेल तितका अधिक दाब निर्माण होतो. मग तेवढ्याच कामाला छोटा गाभा आणि थोडे वेढे पुरतात. तारेचे रीळ वापरणारी दुसऱ्या जातीची यंत्रेही मिळतात. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना वायूचे नळकांडे लागते आणि अंगणातला वारा तो वायू उडवून लावतो. रॉडवरचे लेपन जळताना संरक्षक वायू आपोआप तयार होतो. नवशिक्याला रॉडच बरा.

यंत्रावर वाचलेले पैसे काचेवर खर्च करा. रस्त्याकडेच्या दुकानात मान फिरवून, डोळे मिटून टाका मारणारी मुले तुम्ही पाहिली असतील. ते कौशल्य नव्हे. प्रज्योतीतील जंबुपार किरण डोळ्यांच्या पारदर्शक पटलाला भाजतात आणि दुखणे सुरू होते ते काही तासांनी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे. चेहरा झाकणारी ढाल आणि तिच्यात १० क्रमांकाची काच हवी. उन्हाळी चष्मा चालत नाही. बघ्यांनाही हाच नियम लागू. जस्ताचा मुलामा दिलेले नळ जोडू नका. त्यांच्या पांढऱ्या धुराने ताप येतो. होल्डरवर रिकाम्या वेळी ६० ते ८० व्होल्ट असू शकतात, तेव्हा ओल्या हातांनी, पावसात काम नको. पहिले धडे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच घ्यावेत.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. ३.१५ मिमीच्या रॉडला ११० अँपिअर लागतात आणि दाब २४ व्होल्ट असतो. हा रॉड तुमच्या घरच्या प्लगवर चालेल काय?