अंगावर काढू नये असे दुखणे

आषाढाच्या सरींनी बांध्या भरल्या की बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीच्या परिसरात धानाची रोवणी सुरू होते. आमच्या आयाबहिणी दिवसच्या दिवस चिखलात उभ्या राहतात आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भेगाळते, आग होते. तरीही हळद-तेल लावून हे दुखणे अंगावर काढण्याचीच आपल्याकडे रीत आहे.

चिखल्यांमागे पुष्कळदा बुरशी असते. तिच्यातील एक जात म्हणजे कँडिडा हे किण्व. एरवी ते आपल्या तोंडात व आतड्यात निरुपद्रवीपणे वावरते. परंतु सततची ओल, मधुमेह, गरोदरपण किंवा प्रतिजैविकांचा वापर यांमुळे समतोल ढळला की ते माजते. तान्ह्या मुलाच्या जिभेवरील, सहज पुसून न जाणारा पांढरा थर हे त्याचेच रूप. स्त्रियांना होणारी असह्य खाज व दह्यासारखा स्राव हेही त्याचेच. या शेवटच्या विकाराविषयी आम्ही आजवर कुजबुजतच बोलत आलो, हीच खेदाची गोष्ट होय.

औषधे मात्र केव्हाच सिद्ध झाली. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन व रॅशेल ब्राउन या अमेरिकन विदुषींनी मातीतील सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन मिळवले. पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन शोधले. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे!

आज क्लोट्रिमॅझोलचे मलम व योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या मिळतात. फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळीही अनेकदा पुरते. गरोदर स्त्रीने मात्र ती पोटात घेऊ नये. शिवाय प्रत्येक पांढरा स्राव किण्वाचाच असतो असे नाही. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज तत्काळ शमते, पण बुरशी फोफावते. बरे वाटताच औषध सोडल्यास विकार उलटतो. तो पुनःपुन्हा उद्भवल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी.

रोवणीहून परतल्यावर पाय स्वच्छ धुऊन बेचकी कोरडी करावीत, हा साधा नेम आम्ही सर्वांनीच पाळावा. आणि घरातील सुनेने वा लेकीने आपले दुखणे चारचौघींत नव्हे, तरी निदान सासूजवळ वा आईजवळ निःसंकोच सांगावे, इतका मोकळेपणा आपल्या घरांत नांदावा. रोपाच्या मुळाशी रोग दिसताच आपण धावतो. माणसाच्या बाबतीत विलंब का लावावा?