कोवळ्या वयातील तारुण्यपीटिका

माधव नगरातील मराठी घरांतून मुरुमास ‘तारुण्यपीटिका’ म्हणणारी वडीलधारी मंडळी अजून भेटतात. सुश्रुतसंहितेतही हा विकार तरुणांच्या मुखावरचाच म्हणून वर्णिला आहे. नावातच वय आल्यामुळे चार वर्षांच्या बालकाच्या गालावर तीच पुटकुळी दिसली, की ती उष्णतेची ठरते आणि घरगुती लेप सुरू होतात.

तान्ह्या मुलाच्या चेहऱ्यावर पहिल्या काही आठवड्यांत उठणारे पुरळ बहुधा आपोआप जाते. आठव्या-नवव्या वर्षी कपाळावर व नाकावर काळे ठिपके दिसू लागणे हेही बहुतेक वेळा स्वाभाविकच होय. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी सहा ते आठ वर्षांच्या सुमारास जाग्या होतात आणि पुरुषी वळणाची संप्रेरके, मुलींतसुद्धा, अल्प प्रमाणात स्रवू लागतात; त्यायोगे त्वचेतील तैलग्रंथी कामास लागून रंध्रे बुजतात. (कित्येकदा कपाळावरील पुटकुळ्यांस संप्रेरके नव्हे, तर आजीने मायेने चोपडलेले डोक्याचे तेलच कारण असते!)

परंतु एक ते सात या वयात ही संप्रेरके जवळजवळ नसावयास हवीत. तेव्हा मुरूम आले, तर ती आली कोठून याचा शोध घेतलाच पाहिजे. जन्मजात अधिवृक्क विकार, अकाली यौवनारंभ, क्वचित ग्रंथीवरील गाठ, अशी कारणे संभवतात. घामास मोठ्या माणसासारखा वास, काखेत केस, भराभर वाढणारी उंची, यांपैकी काही सोबत असल्यास विलंब नकोच. डॉक्टर डाव्या हाताचे क्ष-किरण चित्र काढून हाडांचे वय पाहतात व रक्तातील संप्रेरके मोजतात. हाडे वेळेपूर्वी पक्व झाली, तर आज वर्गात सर्वांत उंच दिसणारा मुलगा पुढे ठेंगणाच राहण्याचा संभव असतो. वेळीच निदान झाल्यास यावर उपचार आहेत.

औषधविक्रेत्या बंधूंशी मात्र स्पष्ट बोलावयास हवे. ‘काही लावायला द्या’ म्हणणाऱ्या पालकाच्या हाती स्टेरॉइडयुक्त मलमाची ट्यूब सहज ठेवली जाते. लाली चार दिवस ओसरते. पुढे त्या मलमानेच नवे मुरूम उठतात आणि मूळ रोग झाकला जातो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली असून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठविणे जिवावर येते खरे. तरी मुलाचे वय तेवढे विचारावे, आणि ते सातच्या आत असेल तर काहीही न विकता बालरोगतज्ज्ञाकडे धाडावे.