चिखलांत फिरणारें चाक

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन हें गंगापूर तालुक्यांतील बाजाराचें गांव आहे. भोंवतालची जमीन बव्हंशीं काळी. उन्हाळ्यांत ती भेगाळते आणि पाऊस पडतांच फुगून मेणासारखी चिकट होते. अशा मातींतून शेताकडे जाणाऱ्या पाणंदींत जुनी जीप अडली, म्हणजे एक विलक्षण दृश्य दिसतें. मागचें एक चाक जागच्या जागीं गरगर फिरत चिखल उडवीत असतें आणि कठीण जमिनीवरचें दुसरें चाक मात्र निश्चल असतें. इंजिनाचा जोर कमी पडला असें पाहणाऱ्यास वाटतें. दोष इंजिनाचा नसतो. जोराची वांटणी कशी होते, यांत तो असतो.

वळण घेतांना बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. बैलगाडीला याची अडचण नाहीं. तिचीं चाकें आंसाभोंवतीं स्वतंत्र फिरतात आणि ओढण्याचें काम बैल करतात. लासूरवरून धडधडत जाणाऱ्या आगगाडीचीं चाकें आंसाला जखडलेलीं असतात खरीं. परंतु त्यांचा घेर आंतल्या बाजूस किंचित् मोठा ठेवलेला असल्यामुळें वळणावर बाहेरचें चाक आपोआप मोठ्या घेरावर चालूं लागतें. मोटारीला हे दोन्ही मार्ग बंद. म्हणून फ्रान्समधील ओनेझिफोर पेकर यानें १८२७ सालीं वाफेच्या गाडीसाठीं योजलेली युक्ति तिनें स्वीकारली. ती युक्ति म्हणजे डिफरन्शियल. मागील आंसाच्या मध्यभागीं बसणारी ही दातेरी चक्रांची रचना दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. वेग मात्र ज्याचा त्याला. गोम येथेंच आहे. चिखलांतलें चाक जेवढा अल्प पीळ पेलूं शकतें, तेवढाच कोरड्यावरच्या चाकाच्या वांट्याला येतो.

यावर मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल हा तोडगा अमेरिकेंतील पॅकार्ड मोटारीनें १९५६ सालीं सामान्य गिऱ्हाइकापुढें आणला. आपल्याकडे महिंद्र कंपनीनें १९४९ सालीं मुंबईस माझगांवांत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. त्या घराण्यांतील बहुतेक जुन्या गाड्यांत साधाच डिफरन्शियल असे. तथापि ज्यांचा मागील आंस डॅना ४४ जातीचा आहे, त्यांत आंसाच्या दात्यांची संख्या जुळल्यास ही नवी घडण बसवितां येते. हिच्यांत प्रत्येक बाजूच्या चक्रामागें पातळ चकत्यांची चळत असते. एक चकती पेटीला अडकलेली, पुढची चक्राला, अशी ती आळीपाळीनें रचलेली. स्प्रिंगचा दाब आणि चक्रांचा परस्परांवरील रेटा यांमुळें चकत्या घट्ट होतात, आणि एक चाक पळूं लागलें कीं घर्षण त्याला धरून ठेवून कांहीं पीळ दुसऱ्याकडे पाठवितें.

घर्षणावर जगणारी वस्तु झिजणारच. परंतु गाडी वळणावर कुरकुरली वा थरथरली, कीं लगेच आंस उघडण्याची घाई करूं नये. पुष्कळदां चूक केवळ तेलाची असते. या चकत्यांना घर्षण मवाळ करणारें औषध मिसळलेलें विशेष तेल लागतें. साधें तेल भरल्यास त्या धरसोड करतात. मागचे दोन टायर असमान झिजलेले असले तरी सरळ रस्त्यावरही चकत्या सतत घासतात. हे दोन उपाय स्वस्त असल्यानें ते आधीं करावे.

त्यानंतर परीक्षा. पुढचीं चाकें अडवावीं, ब्रेक सोडून गीअर मोकळा ठेवावा, मागचें एकच चाक जॅकवर उचलावें आणि तें पीळमापक पान्यानें फिरवून पाहावें. स्प्रिंगचा दाब असलेल्या घडणींत तें सहज फिरलें, तर चकत्या संपल्या. किती पीळ लागावा हें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. या वेळीं इंजिन गीअरमध्यें घालून चाक फिरविण्याचा मोह प्राणघातक आहे. साध्या डिफरन्शियलवर उचललेलें चाक नुसतें फिरतें. या घडणींत मात्र जमिनीवरचें चाकही ओढ घेतें आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

पेटी निरोगी असेल तर चकत्या व स्प्रिंगा बदलणें पुरतें. आंतील खांचांना चकत्यांनीं पायऱ्या पाडल्या असल्या किंवा चक्रांच्या दात्यांचे टवके उडाले असले, तर डागडुजीवर पैसा घालूं नये, अख्खी पेटी नवी घ्यावी. बेअरिंगांच्या टोप्यांवर डावें-उजवें खुणावल्यावांचून एकही बोल्ट ढिला करूं नये. त्यांची अदलाबदल झाली, तर बेअरिंग नीट बसत नाहीं. कोणत्या बाजूस किती जाडीचे शिम होते, हेंही तेव्हांच लिहावें. नव्या चकत्या त्याच विशेष तेलांत भिजवून, मूळ क्रमानें, दोन्ही बाजूंची चळत योग्य जाडीची ठेवून बसवाव्या. मग क्राउन व पिनियन यांच्या दात्यांमधील मोकळीक डायलनें मोजावी. ती सामान्यतः ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असते. दात्यांवर रंग लावून त्यांचा ठसा कोठें उमटतो तें पाहावें. येथें आळस केला, तर चकत्या उत्तम असूनही गाडी जन्मभर घोंघावेल. अनेक गॅरेजांत नेमकी हीच पायरी वगळली जाते, याचें नवल वाटतें.

नवी गाडी दारीं आल्यासारखें कोणीं लगेच चिखलांत घालूं नये. मोकळ्या मैदानांत, हळूहळू, दहा-बारा वेळां इंग्रजी आठाच्या आकारांत फिरवावी, म्हणजे तेल सर्व चकत्यांत पोहोंचतें. एवढें करूनही एक चाक पूर्ण हवेंत लोंबकळलें, तर हा डिफरन्शियल दुसऱ्याला थोडाच पीळ देईल. काळ्या मातीच्या खोल चाकोरींत दगड आणि फळ्या गाडींत असूं द्याव्या.