टूर लागली, तिकीट कुणाचं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरच्या पिंपळफाट्याकडच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात जाऊन बसावं. हरभऱ्याची काढणी चाललेली, खरिपाला अजून अवकाश. काउंटरवर गिऱ्हाईक तुरळक. मालकाचा फोन मात्र थांबत नाही. कंपनीचा माणूस समोरच्या खुर्चीत लॅपटॉप उघडून बसलेला असतो आणि हलक्या आवाजात सांगत असतो, ‘‘शेठ, पाच लाखाला अडलंय तुमचं. मार्चएन्डच्या आत तेवढं बिलिंग मारा, कपल टूर पक्की.’’ मालकाच्या डोक्यावर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, मागच्या साली पट्टायाला काढलेला ग्रुप फोटो असतो. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, छातीवर कंपनीचं बोधचिन्ह.

ज्या तालुक्यातून मुंबईला जायचं तर लातूरला जाऊन रेल्वे नाहीतर ट्रॅव्हल्स धरावी लागते, तिथली कितीतरी माणसं बँकॉक, दुबई, बाली बघून आलीत ती अशी. बियाणं, औषधं, विद्राव्य खतं, सिमेंट, रंग, पाइप, मोटारी: यातलं काहीही घाऊक उचलणाऱ्याला कंपन्या सहली देतात. गावात बोलताना ‘अमक्याला टूर लागली’ असंच म्हणतात, जणू नशिबाची सोडत निघाली. प्रत्यक्षात तिच्यात नशिबाचा भाग फार थोडा असतो.

हंगामाआधी कंपनी स्कीम जाहीर करते. ॲडव्हान्स बुकिंगची रक्कम भरा, त्यावर सूट घ्या, शिवाय उचललेल्या मालावर पॉइंट मिळवा. सगळ्या मालाला सारखे पॉइंट नसतात. ज्याला बाजारात मागणी आहेच त्याला कमी. जो माल कंपनीला नव्यानं खपवायचाय, किंवा ज्यात तिचा नफा मोठा आहे, त्याला जास्त. अमुक पॉइंटला एकट्याची टूर, तमुकला नवराबायकोची, त्याच्या अलीकडे अडकलात तर मिक्सर नाहीतर सोन्याचं नाणं. हंगाम संपल्यावर न खपलेला माल परत गेला की तेवढे पॉइंट कापले जातात. म्हणून टूरच्या उंबरठ्यावर आलेला दुकानदार परतीचा माल गोदामात ठेवून घेतो आणि तो कसाही काढायच्या मागं लागतो. काही जण मात्र रोकडे व्यवहारी असतात. ‘‘बँकॉक बघितलंय. क्रेडिट नोट द्या,’’ म्हणतात.

आता जुलैमधला एक दिवस घ्या. पेरणी होऊन वीस दिवस झालेत, पावसानं उघडीप दिली आणि सोयाबीनात गवत माजलंय. शेतकरी काउंटरवर येतो.

‘‘शेठ, गवत लई झालंय. काय देता?’’

‘‘मामा, हे न्या. रिझल्ट एक नंबर. मागच्या वर्षी सगळ्या गावानं नेलंय.’’

बाटली काउंटरवर येते. तिच्यावर झळकतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. खरं नाव खाली बारीक अक्षरात असतं: इमॅझेथापायर 10 टक्के एसएल. सोयाबीनमध्ये उगवणीनंतर वापरायचं हे जुनं, माहितीतलं तणनाशक; हेक्टरी लिटरभर, म्हणजे एकरी चारशे मिली. हाच घटक, हेच प्रमाण, अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत मिळतं आणि किमती वेगवेगळ्या असतात. त्यातली कोणती बाटली मामांच्या पिशवीत जाणार, हे पुष्कळदा कपाटातल्या पॉइंटांवर ठरतं. दुकानदार लबाडच असतो असं नाही. उधारीवर माल देणारा, अडल्या वेळी रात्री शटर उघडणारा माणूसही तोच असतो. पण त्याच्या सल्ल्यात एक विमान उभं आहे आणि ते मामांना दिसत नाही, एवढं खरं.

विमान युरियाच्या गोणीवर उडत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना विकायची, ही सरकारनं बांधून दिलेली किंमत. त्यात दुकानदाराला सुटतं ते जेमतेम. डीएपीची गोणी 1350 रुपयांची. कमाई आहे ती संजीवकं, टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, विद्राव्य खतं यांच्यात. मग ‘लिंकिंग’ सुरू होतं. वरून कंपनी विक्रेत्याला म्हणते, डीएपी पाहिजे तर याबरोबर हे डबेही उचला. विक्रेता तेच खाली शेतकऱ्याच्या गळ्यात घालतो. खरिपाच्या तोंडाशी दरसाल याच्या तक्रारी होतात, कृषी विभाग इशारे देतो. शेतकऱ्यानं न मागितलेला तो डबा कुणाच्या तरी पट्टायाच्या हिशेबात जमा होत असतो.

या सगळ्या प्रकाराचा नेमका वास आला तो आयकर खात्याला. 1 जुलै 2022 पासून नियम आला: धंद्याच्या संबंधातून एखाद्याला वस्तूरूपानं वा इतर रूपानं लाभ दिला आणि त्याची किंमत वर्षाला वीस हजारांवर गेली, की देणाऱ्यानं दहा टक्के कर आधी कापून भरायचा. खात्याच्या परिपत्रकात उदाहरणं होती मोटारी, टीव्ही, सोन्याची नाणी यांची आणि टार्गेट पुरं केल्यावर विक्रेत्याला व त्याच्या नातेवाइकांना घडवलेल्या सहलींची. म्हणजे जोडप्याची सहल ऐंशी हजारांची धरली तर आठ हजार रुपये कराचे. सहलीतून तर काही कापता येत नाही. मग ती रक्कम कंपनी स्वतः सोसते नाहीतर विक्रेत्याकडून भरून घेते. शिवाय ऐंशी हजार धंद्याच्या उत्पन्नात दाखवायचे. फुकट म्हणून गेलेल्या माणसाला वर्षाअखेर सीएकडे बसून फुकटाची किंमत कळते.

गवंड्याची आणि रंगाऱ्याची गोष्ट याहून लहान, पण घडण तीच. सिमेंटच्या गोणीवर, रंगाच्या डब्याच्या झाकणाखाली कोड असतो. मोबाइलवर स्कॅन केला की खात्यात पॉइंट पडतात. घरमालकाला वाटतं मिस्त्री कंपनीचं नाव गुणवत्तेसाठी धरून बसलाय.

विमान कंपन्यांनी हाच धंदा फार मोठ्या प्रमाणात उभा केला. अमेरिकन एअरलाइन्सनं 1981 साली नेहमीच्या प्रवाशांना उडालेल्या मैलांवर बक्षीस द्यायला सुरुवात केली. पुढं कंपन्यांच्या लक्षात आलं की मैल प्रवाशाला देण्यापेक्षा बँकांना विकणं फायद्याचं. बँक ते विकत घेते आणि कार्ड घासणाऱ्याला वाटते. पैसा येतो दुकानदाराकडून कापलेल्या शुल्कातून आणि थकबाकीवरच्या व्याजातून. कोविडमध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा युनायटेड एअरलाइन्सनं आपली मैलांची योजनाच तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. त्या योजनेचं मूल्य तेव्हा सुमारे 22 अब्ज डॉलर धरलं होतं.

कधीतरी गिऱ्हाईकही कंपनीला पुरून उरतं. 1999 साली कॅलिफोर्नियातल्या एका सिव्हिल इंजिनिअरनं पाहिलं की एका खाद्य कंपनीच्या स्कीममध्ये सर्वांत स्वस्त माल पुडिंगचा आहे आणि मिळणाऱ्या मैलांची किंमत पुडिंगहून जास्त भरते. त्यानं 12,150 कप विकत घेतले. वेष्टनं काढायला हात पुरेनात, तेव्हा पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं आणि वेष्टनं तिथल्या स्वयंसेवकांकडून सोलून घेतली. तीन हजार डॉलरच्या आसपास खर्चात साडेबारा लाख मैल, वर दानाची करसवलत. ब्रिटनमध्ये हूव्हर कंपनीनं 1992 मध्ये शंभर पौंडांच्या खरेदीवर परदेशाची दोन विमान तिकिटं देऊ केली. लोकांनी गरज नसताना व्हॅक्यूम क्लीनर घेतले आणि तिकिटं मागितली. कंपनीला फटका बसला पाच कोटी पौंडांच्या घरात.

रेणापूरकराला हे मैल गोळा करायची सोय बेताचीच. लातूरला विमानतळ 1991 पासून आहे, मध्यंतरी काही काळ मुंबईचं विमान सुरूही होतं, पण गेली बरीच वर्षं तिथं नियमित प्रवासी सेवा नाही. नांदेडला ‘उडान’ योजनेचं हैदराबाद विमान 27 एप्रिल 2017 ला सुरू झालं. पुढं ते चालवणारी कंपनीच बंद पडली. क्रेडिट कार्डावर पॉइंट साठवून त्याची तिकिटं काढणारी मंडळी आपल्याकडे आहेत ती पुण्या-हैदराबादला नोकरीला लागलेली पोरं.

नशिबाच्या सोडतीतून विमान गाठल्याची उदाहरणंही मराठवाड्यात आहेत आणि ती बरी आहेत. ‘लोकमत’च्या ‘संस्काराचे मोती’ स्पर्धेत शाळकरी मुलं रोजचं कूपन कापून प्रवेशिकेवर चिकटवतात. सोडतीत ज्याचं नाव निघेल तो दिल्लीच्या हवाई सफरीला जातो. इथं खर्च खपवाढीतून निघतो आणि पेपर घेणाऱ्याला तेवढ्याच किमतीत पेपर मिळतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. एकच कूपन हुकलं म्हणून शेजाऱ्यांच्या रद्दीत शिरलेली पोरं मात्र ज्यानं त्यानं पाहिली असतील. त्याआधीची पिढी दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ला उत्तरं पाठवायची. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्यासमोर पोस्टकार्डांचा ढीग असायचा आणि विजेत्याला देशातल्या एखाद्या ठिकाणची सहल मिळायची. एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रं आल्याची नोंद आहे. कार्ड पंधरा पैशांचं. ते पोचवण्याचा खरा खर्च टपाल खात्याच्या माथी येत होता. शेवटी खात्यानं दोन रुपयांचं वेगळं ‘स्पर्धा पोस्टकार्ड’ काढलं, तेव्हा कुठं हिशेब जागेवर आला.

जुन्या साबण-चहाच्या स्पर्धांत ‘मला अमुक आवडतो कारण…’ हे वाक्य दहा शब्दांत पुरं करायला लावत, ते मराठी सुधारावी म्हणून नव्हे. निव्वळ चिठ्ठी काढली तर ती लॉटरी ठरते आणि खाजगी माणसाला लॉटरी चालवता येत नाही. वाक्य लिहायला लावलं की स्पर्धा कौशल्याची झाली, असा तो बचाव. पाकिटावर ‘तामिळनाडू वगळून’ असं असायचं, कारण त्या राज्यात बक्षीस योजनांवर 1979 चा स्वतंत्र बंदी कायदा आहे.

दिवाळीत लातूरच्या बाजारात खरेदीवर कूपन आणि सोडतीत गोव्याची सहल ठेवतात, तिथंही कायदा अगदी गप्प नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत तीन गोष्टी आहेत: द्यायचं मनात नसताना बक्षीस जाहीर करणं, किंमत मालातच धरलेली असताना वस्तू फुकट देतोय असं भासवणं, आणि योजना संपल्यावर निकाल दडवणं. तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. सोडतीच्या रात्री ऑर्केस्ट्रा वाजतो, पहिली दोन नावं पुकारली जातात, उरलेल्यांचं काय झालं ते कधी कळत नाही. त्याबद्दल ग्राहकाला 1915 या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि सहल खरंच लागली तर त्यावर सरळ तीस टक्के कर, वर चार टक्के उपकर: लाखाच्या सहलीला 31,200 रुपये. एरवी एक पैसा कर न लागणाऱ्या शेतमजुराला लागली तरीही तेवढाच.

मात्र हा कर कुणी फोनवरून ‘आधी भरा, मग तिकीट पाठवतो’ म्हणून मागू लागला, तर तो फोन ठेवून 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला लावावा. याच पंगतीतला सभ्य प्रकार म्हणजे हॉलिडे मेंबरशिप. पेट्रोल पंपावर भरलेल्या कूपनावरून फोन येतो: अभिनंदन, तीन दिवस दोन रात्री, अट एवढीच की नवराबायको दोघांनी हॉटेलच्या हॉलमध्ये यायचं. तिथं दोन-तीन तास बसवून पुढच्या कित्येक वर्षांच्या सुट्ट्यांचे पैसे आजच मागतात. हाती येणाऱ्या फुकट व्हाउचरमध्ये प्रवास नसतो, जेवण नसतं आणि सुट्टीच्या तारखा वगळलेल्या असतात. दोघांनाच का बोलावतात? ‘घरी विचारून सांगतो’ ही आपली हक्काची पळवाट बंद व्हावी म्हणून.

सरकारी सोडतीत पैसे कुणाचे हे निदान लिहिलेलं तरी असतं. राज्यानं जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली: वय साठ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, माणशी तीस हजारांपर्यंतचा खर्च सरकारचा; अर्ज जास्त आले की जिल्ह्यात लॉटरी. कैलास-मानसरोवरला 2025 साली यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा 5,561 अर्जांतून 750 नावं संगणकानं काढली, पण तिथं खर्च यात्रेकरूचा.

हजचा कुर्राही तसाच. हज कमिटी अर्ज घेते, जागांहून अर्ज जास्त झाले की सोडत, म्हणजेच कुर्रा, काढते. एका कव्हरमध्ये, म्हणजे सामायिक अर्जात, पाच जणांपर्यंत नावं घालता येतात; कव्हर लागलं तर सगळे जातात, नाहीतर कुणीच नाही. विमानभाड्यावरचं केंद्राचं अनुदान 2018 मध्ये बंद झालं. कुर्ऱ्यात नाव निघालं की ठरलेल्या मुदतीत पहिला हप्ता बँकेत भरावा लागतो, आणि तो चुकला तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कव्हरला जाते.