जात्याची घरघर आणि विजेचें वाद्य

आमच्या मातोश्रींच्या आवाजाची एकच फीत घरांत उरली आहे. १९८३ सालीं दिवाळीच्या तोंडावर त्या भाजणी दळीत असतां ओव्या म्हणत होत्या, त्या आमच्या धाकट्या बंधूंनीं नव्यानेंच घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर उतरून घेतल्या. एकंदर बावीस मिनिटें. त्यांत आवाज आहे, आणि आवाजाहून मोठी जात्याची घरघर आहे. पुढें मातोश्री गेल्या, जातें माजघराच्या भिंतीशीं टेकून उभें राहिलें, आणि ती फीत आमच्या वडील भगिनींच्या कपाटांत लुगड्यांच्या घडीखालीं जाऊन बसली. या भगिनींना सर्व घर आक्का म्हणतें. अलीकडे त्या आमच्याकडेच असतात.

गेल्या उन्हाळ्यांत आमचा पुतण्या पुण्याहून एक लांकडी पेटी घेऊन आला. पेटींत बटणें, बारीक दिवे आणि रंगीबेरंगी तारांचें जाळें. "काका, आजीची कॅसेट यांतून नेऊन बघूं या का?" असें त्यानें विचारलें. आम्ही उत्तर देण्यापूर्वींच आक्का म्हणाल्या, "तुझ्या पेटींत काय हवें तें घाल. आईचा आवाज मोडायचा नाहीं." या एका वाक्यानें घरांत दोन पक्ष पडले, आणि दोघांचें ऐकून घेण्याचें काम आमच्याकडे आलें. मास्तरकी सुटली तरी असलीं कामें सुटत नाहींत. अखेर असें ठरलें कीं, फीत एकदांच लावून तिची संगणकावर प्रत घ्यावी, मूळ फीत परत कपाटांत जावी, आणि प्रयोग काय होतील ते प्रतीवर व्हावेत.

आतां यंत्राविषयीं. याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. स्वर उत्पन्न करणारा एक खण, तो गाळणारा दुसरा, लहानमोठा करणारा तिसरा. प्रत्येक खण स्वतंत्र, आणि त्यांचा परस्परसंबंध तारांनीं जोडावयाचा. संस्कृत शिकलेल्या वाचकांस हें चटकन् उमजेल. संस्कृत वाक्यांत पद कोठेंही ठेवा, त्याचा संबंध विभक्ति सांगते; तसा येथें खण पेटींत कोठेंही बसवा, तार कोठून निघून कोठें गेली यावर अर्थ ठरतो. अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्यानें १९६४ सालीं या जातीचें वाद्य सिद्ध केलें. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथें डॉन बुक्ला हेही त्याच खटपटींत होते. आज जे खण बाजारांत मिळतात त्यांपैकीं पुष्कळांचीं मापें जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनीं १९९५ च्या सुमारास काढलेल्या ए-१०० या संचावरून रूढ झालीं आहेत. किंमती मात्र गृहस्थाश्रमाला मानवणाऱ्या नाहींत.

आपल्या देशाला हें वाद्य अगदींच नवें आहे असें नाहीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानें १९६९ सालीं मूगचें वाद्य उभें करून दिलें, आणि गीता साराभाई प्रभृति मंडळींनीं १९७२ पर्यंत त्यावर काम केलें. त्या फिती पुढें जवळजवळ पन्नास वर्षें पडून होत्या. पॉल पर्गस यांनीं त्या उजेडांत आणल्या आणि २०२३ सालीं त्यांतील संगीत प्रसिद्ध झालें. कपाटांतल्या फितींचा हा दाखला आम्ही आक्कांना सांगितला. त्यांनीं तो ऐकून घेतला, एवढेंच.

हें वाद्य स्वतःचा स्वर काढतें, तसा बाहेरचा आवाजही आंत घेतें. परंतु बाहेरच्या पाहुण्यास प्रथम घरच्या मापाचें करून घ्यावें लागतें. मायक्रोफोनमधून येणारी वीज व्होल्टच्या सहस्रांशांनीं मोजतात. कॅसेटच्या किंवा संगणकाच्या यंत्रांतून निघणारी त्याहून पुष्कळ मोठी, तरी लाटेच्या तळापासून शिखरापर्यंत साधारण एक व्होल्ट. पेटीच्या आंतील व्यवहार मात्र दहा व्होल्टांचा. म्हणजे आवाज आंत घेतांना दहा-अकरा पट वाढवावयास हवा, आणि बाहेर काढतांना तितकाच उतरवावयास हवा. पुतण्यानें घाईघाईनें वाढविणारा खण न लावतांच तार जोडली, तेव्हां मातोश्रींचा आवाज विहिरीच्या तळांतून यावा तसा आला. दुसऱ्या दिवशीं त्यानें तो इतका वाढविला कीं, लाटांचीं शिखरें छाटलीं जाऊन ओवीचा प्रत्येक चढ चिरका झाला. तिसऱ्या दिवशीं माप जमलें, आणि त्याच दिवशीं खरा अनर्थ झाला.

त्यानें आवाज रिंग मॉड्युलेटर नांवाच्या खणांत घातला. या खणास दोन स्वर दिले असतां त्यांची बेरीज आणि वजाबाकी बाहेर येते. सेकंदास तीनशें कंपनांचा एक आणि सत्तर कंपनांचा दुसरा दिला, तर तीनशें सत्तर आणि दोनशें तीस असे दोन निघतात. मूळचे दोघेही नाहींसे. मानवी कंठांत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे अंश एका कुटुंबासारखे नांदत असतात. या बेरीज-वजाबाकींत त्यांचें नातें तुटतें आणि आवाज पत्र्याचा होतो. बी.बी.सी.नें १९६३ सालीं 'डॉक्टर हू' या मालिकेंतील यंत्रराक्षसांचा आवाज याच युक्तीनें केला. स्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकारानें १९६४ सालीं 'मिक्सटूर' या रचनेंत वाद्यवृंदच्या वाद्यवृंद यांतून नेला. तेथें तें शोभतें. आईच्या ओवीला शोभलें नाहीं. आक्का कांहीं न बोलतां उठून देवघरांत गेल्या. आम्हीही पुतण्यास पेटी झांकावयास सांगितलें, आणि थोडें कठोरपणानेंच सांगितलें.

रात्रीं तो आमच्यापाशीं येऊन बसला. म्हणाला, "काका, आजीचा आवाज आतां बदलतच नाहीं. तो जसा आहे तसा ऐकूं येईल. नुसता त्याच्या चढउतारावरून दुसरा स्वर चालवूं." या कामाच्या खणास एन्व्हलप फॉलोअर म्हणतात, आम्ही त्याचें नांव 'अनुगामी' ठेवलें आहे. दिलीप राजा नंदिनी धेनूच्या मागून चाले, तसा हा आवाजाच्या मागून चालतो. तो स्वर ओळखीत नाहीं, शब्द जाणत नाहीं. आवाज मोठा झाला कीं लहान, एवढेंच पाहतो. विजेच्या लाटेचा शून्याखालचा भाग उलटवून वर घ्यावयाचा आणि मग त्या खांचाखोंचा गुळगुळीत करावयाच्या, कीं त्यांतून एक संथ चढती-उतरती रेषा निघते. त्या रेषेनें दुसऱ्या कोणत्याही खणाचें बटण आपोआप फिरवितां येतें. गुळगुळीतपणा कमी ठेवला तर रेषा थरथरते आणि स्वरास खरखर लागते. अधिक ठेवला तर अनुगामी मागें पडून दोन अक्षरांस एक समजतो. मधलें स्थान कानानेंच शोधावें लागतें.

आम्ही तें शोधलें, आणि फसलों. अनुगामी मातोश्रींच्या मागून न जातां जात्याच्या मागून जाऊं लागला! त्याच्या लेखीं मोठा आवाज तोच धनी. मग पुतण्यानें त्याच्या वाटेवर एक गाळणी बसविली, सेकंदास दोनशें कंपनांच्या खालचें सर्व अडवणारी. घरघर बरीचशी गळाली, परंतु दगडावर दगडाचें घासणें वरच्या स्वरांतही असतें, तें राहिलेंच. दोन दिवस ही झटापट चालली. शेवटीं आम्हांसच सुचलें कीं, तो जात्याच्या मागें जात असेल तर जाऊं द्यावा. गाळणी उलट लावावी, खालची घरघर तेवढी अनुगाम्यास द्यावी, आणि तिच्यावर तंबोऱ्यासारखा षड्ज-पंचम चालवावा. मातोश्रींचा आवाज दुसऱ्या तारेनें, न वाढतां न मोडतां, जसाच्या तसा. मातोश्री ओवीगणिक किंचित् वर सरकत असत, म्हणून पुतण्यास षड्ज हातानें जुळवीत राहावें लागलें.

तो तंबोरा जात्याबरोबर श्वास घेऊं लागला. वैरण घातली कीं दगड मऊ बोले आणि स्वर खालीं बसे. दाणे सरले कीं पुन्हां वर येई. आक्का दाराशीं येऊन उभ्या राहिल्या होत्या. थोड्या वेळानें आंत येऊन बसल्या. प्रत्येक फेऱ्यास स्वराच्या दोन लाटा येत होत्या, एक मोठी, एक लहान. आम्हांस तो यंत्राचा दोष वाटला.

"दोष नाहीं," आक्का म्हणाल्या. "खुंट्याला आम्ही दोघी होतों. मोठी ओढ आईची."

त्या वर्षीं त्या दिवाळीस माहेरीं आल्या होत्या, हें आम्ही विसरलों होतों. फितींत आक्कांचा शब्दही नाहीं. ओव्या एकट्या मातोश्री म्हणतात. नवव्या मिनिटास दुसरी लाट एकाएकीं थांबली आणि एकच उरली. आक्कांनीं मान हालविली. "येथें मी उठलें. बाळ रडायला लागलें होतें. आई म्हणाली, तूं जा, मी ओढतें."

पुतण्यानें यंत्र थांबविण्यास हात पुढें केला.

"थांबवूं नको," आक्का म्हणाल्या. "मी परत येऊन बसतें तो भाग पुढें आहे."