न छापलेल्या चाचण्यांचं काय?

औषध कंपनीच्या पैशातून झालेलं संशोधन म्हणजे निव्वळ बनवाबनवी, असं पुष्कळांना वाटतं. नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या तपासणीतून पार पडलं म्हणजे शंकेला जागा नाही, असंही तितक्याच ठामपणे सांगितलं जातं. दोन्ही समज छापलेल्या पानापाशी थांबतात, आणि खोट बहुधा न छापलेल्या पानांत असते. नैराश्यावरच्या औषधांचंच पाहा. अमेरिकेत परवानगीसाठी कंपनीला चाचण्यांचे आराखडे आणि निकाल औषध नियामक संस्था एफडीएकडे द्यावे लागतात. संशोधक एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही दप्तरं नियतकालिकांतल्या लेखांशी ताडून पाहिली: १२ औषधं, ७४ चाचण्या, साडेबारा हजारांहून जास्त रुग्ण. एफडीएच्या मते ३८ चाचण्या यशस्वी होत्या. त्यांतल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ नकारात्मक किंवा संदिग्ध. त्यांतल्या २२ कुठेच छापल्या गेल्या नाहीत, ११ औषध गुणकारी वाटावं अशा बेताने मांडल्या गेल्या आणि फक्त ३ जशा होत्या तशा आल्या. डॉक्टरांना वाचायला मिळालेल्या चाचण्यांपैकी ९४ टक्के यशस्वी दिसत होत्या. एफडीएच्या हिशेबात हे प्रमाण ५१ टक्के होतं. फसलेली चाचणी यशस्वी दाखवण्याची पद्धत अशी: आधी ठरवलेला मुख्य निकष फसला की जमलेला दुसरा निकष पुढे करायचा. यासाठी एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही, आणि म्हणूनच तपासणाऱ्या तज्ज्ञांच्याही हे सहज ध्यानात येत नाही.

फसलेल्या चाचण्या संपादकच नाकारतात, असा यावर आक्षेप घेतला जातो. त्या २२ चाचण्या कंपन्यांनी पाठवल्या नाहीत की संपादकांनी परत केल्या, हे टर्नर यांच्या अभ्यासातून कळत नाही. पण रंग बदललेल्या ११ तर नियतकालिकांनी स्वीकारल्याच. तिथे जबाबदारी दोघांचीही आहे. मग ही औषधं निरुपयोगी का? मुळीच नाही. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तरी प्रत्येक औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरलं. छापील लेखांत मात्र परिणाम सुमारे एक तृतीयांशाने फुगला होता. कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

हे रोखण्यासाठी, सार्वजनिक नोंदवहीत आधी नोंदणी नसेल तर चाचणी छापणार नाही, असा नियम प्रमुख नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून लागू केला. भारतातली चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. एखाद्या औषधाच्या यशाची बातमी छापण्याआधी पत्रकारांनी आणि ती वाचताना तुम्हीही, चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि आधी जाहीर केलेला मुख्य निकष तिथे जाऊन वाचावा.